सोबतीचा हुद्दा

शिधापत्रिकेचा अर्ज असो, बँकेच्या खात्याचा असो, की जनगणनेसाठी दारी आलेल्या शिक्षकाच्या हातातील तक्ता असो, माझ्या धाकट्या भावाच्या नावासमोर ‘व्यवसाय’ हा रकाना आला म्हणजे मी त्यात ‘निरंक’ असे लिहीत आलो. सरकारी दप्तरात ज्या रकान्यात भरण्याजोगे काही नसते तेथे हा शब्द घालण्याची जुनी वहिवाट आहे, आणि शाळेत पस्तीस वर्षे पत्रके भरीत आलेल्या माझ्यासारख्याच्या हातून तो सहज उमटत असे. भाऊ शेजारीच बसलेला असे, लिहिलेले वाचीतही असे, पण त्याने कधी हरकत घेतली नाही. आणि ही हरकत न घेणे हीच त्याच्या अवस्थेची सर्वांत मोठी खूण आहे, हे माझ्या ध्यानात यायला फार वर्षे जावी लागली.

आजार जडण्यापूर्वी तो भिवंडीतील यंत्रमागाच्या एका कारखान्यात मेहता होता. म्हणजे कोणत्या कामगाराने किती मीटर कापड विणले, सूत किती आले, किती ताके बाहेर गेले, पंधरवड्याच्या अखेरीस कोणाची उचल किती झाली आणि देणे किती उरले, या सगळ्याची वही त्याच्या ताब्यात असे. ज्याने भिवंडीतील मागांचा खडखडाट एकदा तरी ऐकला आहे त्याला ठाऊक आहे की धोटे धावू लागले म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाचे ओरडणेही कानी पडत नाही, आणि जुने कारागीर एकमेकांशी खुणांनीच बोलतात. अशा त्या गदारोळात, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कोणीतरी अगदी हळू आवाजात आपले नाव घेत आहे असे त्याला ऐकू येऊ लागले.

औषधांनी तो आवाज मंदावला. डॉक्टरांनी आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया असे सांगितले, आणि मराठी ग्रंथांत त्यालाच छिन्नमनस्कता म्हणतात हे मी पुढे वाचले. औषधांविषयी आणि ती देणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरी भावना नाही, आणि हा लेख वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये, हे मी प्रारंभीच बजावून ठेवतो. परंतु आवाज ओसरला तरी माणूस परतला नाही. पुढची अनेक वर्षे तो ओट्यावर बसून राहिला, आणि त्या काळात त्याच्याकडे सर्व बाजूंनी फक्त येत राहिले: वेळच्या वेळी गोळ्या आल्या, वाढलेले ताट आले, वहिनीचा उपदेश आला, शेजाऱ्यांची कीव आली, आतेभावाचे वापरलेले सदरे आले, कोणी वज्रेश्वरीचा अंगारा आणला, कोणी दर्ग्यातला ताईत आणला. त्याच्याकडून मात्र कोणाकडे काही गेले नाही. ज्याने ऐन तारुण्यात दुसऱ्यांचे देणे-घेणे बिनचूक लिहिले, त्याच्या स्वतःच्या वहीत जमेची बाजू भरून वाहत होती आणि समोरचे पान कोरे होते. आणि आम्ही घरची माणसे त्या कोऱ्या पानालाच आमच्या सेवेचा दाखला समजत होतो.

मनोविकारांशी झुंजणाऱ्या कुटुंबांनी महाराष्ट्रात गेल्या दोन-तीन दशकांत आपले असे दोन शब्द रूढ केले आहेत. रुग्णाला ते ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला ‘शुभंकर’. वेडा, खुळा, भ्रमिष्ट अशा शब्दांच्या जागी हे शब्द आले, ही सामान्य गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी ते आणले त्यांचे समाजावर ऋण आहे. तथापि त्या जोडीत एक सूक्ष्म भिंत आहे: एकाने शुभ इच्छायचे आणि दुसऱ्याने ते करायचे. ही भिंत ओलांडून एक शुभार्थी दुसऱ्या शुभार्थीचा शुभंकर झाला, म्हणजे त्या पहिल्याचे काय होते, हा माझ्या लेखाचा विषय आहे. माझे मत असे की, त्याने आधार देणे हा त्याच्या स्वतःच्या उपचाराचाच एक भाग आहे, आणि ज्या सरकारी व्यवस्थेत त्याची तरतूद नाही ती व्यवस्था उपचार अर्ध्यावर सोडते.

कल्याणात शनिवारी भरणाऱ्या एका स्वमदत गटात मी भावाला कोणाच्या तरी सांगण्यावरून नेऊ लागलो. वर्षभर तो भिंतीला टेकून बसला, चहा प्याला आणि माझ्याबरोबर परत आला. मी निराश होऊन जाणे सोडणार होतो, इतक्यात गट चालविणाऱ्या बाईंनी, ज्या स्वतः दीर्घकाळ औदासीन्याच्या विकारातून गेल्या होत्या, त्याला एक काम सांगितले. भिवंडीहून एका मुलाला गटात यायचे होते; तो उत्तर प्रदेशातून आलेला, बावीस वर्षांचा माग-कामगार, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, जेवणारा आणि दिवसपाळी-रातपाळीच्या माणसांनी आळीपाळीने वापरलेल्या खोलीत झोपणारा; त्यालाही हाच आजार होता, आणि एकट्याने बसमध्ये चढायची त्याला भीती वाटत असे. ‘त्याला कल्याण नाक्यावरून घेऊन याल का?’ एवढाच प्रश्न होता. मी घाईने म्हणालो, मी आणीन. बाई म्हणाल्या, “मी त्यांना विचारते आहे.”

पुढचा शनिवार मला आजही लख्ख आठवतो. ज्याला उठवायला दोघे लागत तो पहाटे उठून दाढी करून बसला होता, आणि बस चुकेल म्हणून मला सारखा वेळ विचारीत होता. कोनगाव ओलांडून दुर्गाडीच्या पुलावर बस आली, तेव्हा त्या मुलाने खिडकीची दांडी घट्ट धरली, आणि माझ्या भावाने त्याला सांगितले की पुलावर आपल्यालाही असेच होत असे, पाण्याकडे पाहू नये, समोरच्या माणसाच्या पाठीकडे पाहावे, पूल संपतो. ही युक्ती माझ्या भावाला पंधरा वर्षे ठाऊक होती आणि त्याने ती मला कधी सांगितली नव्हती, कारण मला ती नको होती. तिचा ग्राहक त्याला त्या दिवशी प्रथम भेटला. ज्या वर्षांना आम्ही वाया गेलेली समजत होतो, त्या वर्षांत त्याच्याजवळ एक विद्या साचली होती, आणि घेणारा नसल्यामुळे ती विद्या आहे हेच कोणाला, त्यालाही, कळले नव्हते.

त्यानंतरचे बदल इतके घरगुती होते की कोणत्याही वैद्यकीय अहवालात त्यांची नोंद झाली नसती. गोळी घेतलीस का, हा प्रश्न आम्ही त्याला हजारो वेळा विचारला असेल, आणि त्याने हजारो वेळा तोंड फिरवले असेल. आता तोच प्रश्न तो त्या मुलाला विचारी, आणि मुलगा उलट विचारी, “चाचा, आपने ली?” खोटे बोलणे शक्य नव्हते. माझ्या तोंडी जो प्रश्न पहारा होता तो त्या मुलाच्या तोंडी चौकशी झाला होता. भावाने एक छोटी वही आणली आणि तीत तो बसच्या वेळा, मुलाच्या पाळ्या, त्याच्या औषधाची पुढची तारीख लिहू लागला. मेहता परत कामावर आला होता.

जगाने ही गोष्ट वेगवेगळ्या मार्गांनी पुन्हा पुन्हा शोधली आहे, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध मार्ग मद्यासक्तांचा आहे. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ १९३४ च्या डिसेंबरात दारू सोडून बसला आणि पुढे काही महिने, भेटेल त्या दारुड्याला सुधारण्याचा त्याने सपाटा लावला. त्यांपैकी एकही सुधारला नाही, पण त्या खटाटोपात तो स्वतः मात्र कोरडा राहिला, ही गोष्ट त्याच्या पत्नीने त्याच्या नजरेस आणून दिली. १९३५ च्या मे महिन्यात ओहायो संस्थानातील ॲक्रन गावी त्याचा एक व्यवहार फिसकटला. खिशात जेमतेम पैसे, हॉटेलच्या दालनाच्या एका टोकाला मद्यपानगृहातील हसणे-खिदळणे आणि दुसऱ्या टोकाला दूरध्वनी, अशा कात्रीत सापडलेल्या त्या माणसाने दूरध्वनी उचलला आणि गावातील धर्मोपदेशकांकडे चौकशी चालविली की मला बोलायला एखादा दारुडा मिळेल काय. त्याला वाचवायचे होते ते स्वतःला. त्यातून त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या मद्यासक्त शल्यवैद्याशी पडली, आणि स्मिथ यांच्या मद्यमुक्तीचा दिवस, १० जून १९३५, हा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

तीस वर्षांनी, १९६५ मध्ये, फ्रँक रीसमन या अमेरिकी अभ्यासकाने या अनुभवाला तत्त्वाचे रूप दिले: साहाय्य घेणाऱ्याला लाभ होतो की नाही याची खात्री नसली तरी देणाऱ्याला तो होण्याची शक्यता अधिक असते, असे त्याचे प्रतिपादन होते. १९९९ मध्ये कॅरोलिन श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या व्याधीवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात तीच व्याधी असलेल्या पाच जणांना नीट ऐकून घेण्याचे शिक्षण देऊन इतर रुग्णांशी दरमहा दूरध्वनीवर बोलायला सांगितले होते. आणि मागाहून पाहता, ज्यांना दूरध्वनी केले गेले त्यांच्यापेक्षा, ज्यांनी ते केले त्या पाच जणांच्या आत्मविश्वासात आणि मनःस्थितीत कितीतरी मोठा फरक पडलेला आढळला. व्याधी वेगळी आहे आणि पाच ही संख्या अल्प आहे, हे मी जाणतो. परंतु दुर्गाडीच्या पुलावर मी जे पाहिले ते याहून भिन्न नव्हते.

मनोविकारांच्या क्षेत्रातील पुराव्याविषयी येथे प्रांजळपणे लिहिले पाहिजे, कारण उत्साहाच्या भरात केलेला अतिरेकी दावा पुढे त्या कार्यावरच उलटतो. ब्रिटनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये १८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा समदुःखी माणसाच्या आधाराने आशा, सावरण्याची भावना आणि स्वतःच्या आयुष्यावरील ताबा यांत काहीशी वाढ दिसली. लक्षणे किंवा रुग्णालयात भरती होणे यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत ४४१ जण होते; मानसिक संकटातून नुकतेच बाहेर पडलेल्या त्या लोकांपैकी ज्यांना अनुभवी सोबत्याचा आधार मिळाला त्यांच्यातील २९ टक्के, आणि ज्यांना केवळ एक पुस्तिका मिळाली त्यांच्यातील ३८ टक्के, वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल झाले. ही तफावत लहान नाही, पण चमत्कारही नाही. शिवाय या आकड्यांत मोजला गेला तो आधार घेणारा. देणाऱ्यांच्या मनात काय घडते, ते बहुतांशी त्यांच्या मुलाखतींतूनच कळते, आणि तेथे एकच सूर पुन्हा पुन्हा उमटतो, तो असा की जो अनुभव मी लपवीत होतो तोच आता माझी पात्रता ठरला.

हे सारे परदेशातले म्हणून बाजूला सारता येणार नाही. पुण्याच्या येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले, आणि स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे तेथे समुपदेशक म्हणून उभी राहिली. नव्याने दाखल झालेल्या माणसाचा थरथरणारा हात धरणारा हात पूर्वी स्वतः थरथरलेला असतो, हेच त्या संस्थेचे बळ आहे. व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ हा मेळावाही त्याच वाटेवरचा. मूळचे धुळ्याचे, कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापकी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली, आणि जो शब्द घरातसुद्धा कुजबुजत उच्चारला जाई तो स्वमदत गटात मोठ्याने बोलला जाऊ लागला. २००४ मधील ‘देवराई’ या चित्रपटामागेही वाणी यांचीच प्रेरणा होती. आमच्या शेजारी ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापिलेल्या संस्थेने मानसिक आरोग्य हा विषय मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला. गुजरातेत २०१४ पासून सहा सरकारी मनोरुग्णसेवांच्या ठिकाणी जागतिक आरोग्य संघटनेचा ‘क्वालिटीराइट्स’ कार्यक्रम राबविला गेला. त्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील केंद्राचा प्रमुख सहभाग होता, आणि तेथे रुग्णांचे ‘मैत्री’ गट व कुटुंबीयांचे ‘साथी’ गट उभे राहिले. म्हणजे विद्या मराठी माणसाजवळ आहे. पण ती पुण्या-ठाण्यात सभ्य वस्तीजवळ राहिली आणि कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीच्या मागांपर्यंत जेवढी यायला हवी होती तेवढी आली नाही, हे दुःख आहे.

या वाटेवर एक खड्डा आहे, आणि त्यात माझा भाऊ पडला आहे. म्हणून तो झाकून पुढे जाणे मला शक्य नाही. सात महिने नियमाने येणारा तो मुलगा एका शनिवारी नाक्यावर आला नाही. मग कळले की त्याने गोळ्या सोडल्या होत्या, मुकादमाशी त्याचे भांडण झाले होते आणि कोणालाही न सांगता तो गावाकडच्या गाडीत बसला होता. माझ्या भावाने आपली वही काढली आणि गेल्या दोन महिन्यांच्या नोंदी पुन्हा पुन्हा वाचीत राहिला. आपल्याला कोठे कळायला हवे होते, हे तो शोधीत होता. चार रात्री तो झोपला नाही. पाचव्या रात्री त्याला तो जुना आवाज पुन्हा ऐकू आला. डॉक्टरांनी मात्रा वाढविली, पण मात्रेइतकीच मोलाची गोष्ट अशी की गटातील एक वृद्ध गृहस्थ, जे स्वतः द्विध्रुवीय मनोविकाराने चाळीस वर्षे ग्रस्त आहेत, त्याला रोज रात्री नऊ वाजता दूरध्वनी करू लागले. ते उपदेश करीत नसत. आपल्या हातून निसटलेल्या माणसांच्या गोष्टी सांगत. मुलगा पुढे भिवंडीला परतला नाही; तो शेतावर काम करतो आहे एवढा निरोप कारखान्यात आला. भाऊ मात्र अडीच महिन्यांनी पुन्हा नाक्यावर उभा राहिला. आधार देणाऱ्याला आधार देण्याची व्यवस्था दैवयोगाने त्या वेळी हजर होती. ती दैवावर सोडता कामा नये, हा त्या अडीच महिन्यांचा धडा मी कधी विसरणार नाही.

भिवंडीला समवेदनेचे हे तत्त्व परके नाही, असे मी मानतो. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगलींनी होरपळलेल्या या शहरात पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या, आणि ज्यांची घरे जळली होती त्या दोन्ही बाजूंच्या माणसांना एका सतरंजीवर बसवून आपापल्या गल्लीची जबाबदारी त्यांच्याच शिरावर दिली. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मनोविकार आणि दंगल यांची तुलना मी करीत नाही. परंतु पोळलेल्या माणसाला राखणदार नेमला असता तो राखतो, आणि राखता राखता त्याच्या स्वतःच्या मनातील आगही निवते, हे या शहराने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. निजामपुऱ्यातील उर्दू, पद्मानगरातील तेलुगू, शांतिनगरातील भोजपुरी, कामतघरची मराठी, या साऱ्या बोलींत ज्याला आपले भ्रम सांगायचे आहेत त्याच्यासमोर, त्या त्या बोलीतला, त्या त्या पाळीतला, तेच भोगलेला माणूस बसवायचा असेल, तर तो विद्यापीठातून येणार नाही. तो येथेच कोठल्या तरी ओट्यावर बसलेला आहे.

आता मागणी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, १२ राज्यांतील पाहणीवरून, गंभीर मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपचाराविना राहतात असे आढळले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका, इतकेच नव्हे तर नोंदी ठेवणाऱ्या सहायकाचेही पद आहे. परंतु जो या आजारातून गेला आहे त्याच्यासाठी त्या आस्थापनेत रकाना नाही. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने राज्य प्राधिकरणावर मनोविकाराचा अनुभव असलेल्यांच्या प्रतिनिधींना जागा दिली आहे, आणि पुनर्विलोकन मंडळांवरही त्यांच्यासाठी दार उघडले आहे. ज्याला कायदा न्यायासनाशेजारी बसवितो, त्याला बाह्यरुग्ण विभागातील एका बाकड्यावर बसविण्यास खाते का कचरते? आणि याला पूर्वाधार नाही असेही नाही. एड्स नियंत्रणाच्या सरकारी कार्यक्रमात एआरटी केंद्रांवर ‘केअर कोऑर्डिनेटर’ हे पद स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीसाठी ठेवलेले आहे. क्षयरोगातून बरे झालेल्यांना ‘टीबी चॅम्पियन’ म्हणून शिक्षण देऊन वस्त्यांत पाठविले जाते. विषाणू आणि जंतू यांच्या बाबतीत जे शहाणपण शासनाने दाखविले, ते मनाच्या बाबतीत दाखवावे, एवढीच माझी विनंती आहे.

माझी सूचना भिवंडीपासून प्रारंभ करण्याची आहे. येथील इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात, मनोविकाराचा अनुभव असलेले आणि सावरलेले किमान चार सोबती, चार भाषांचे, रीतसर शिक्षण देऊन नेमावेत. त्यांची हजेरी, त्यांची रजा आणि आजार उलटल्यास नोकरी न गमावता उपचार घेण्याची मुभा यांचा बंदोबस्त नेमणुकीच्या कागदातच असावा. आणि आठवड्यातून एकदा त्यांचे स्वतःचे गाऱ्हाणे ऐकून घेणारा एक जाणता माणूस त्यांच्यासाठी राखून ठेवावा. मोबदला दिलाच पाहिजे, यावर माझा विशेष भर आहे. सेवा ही निरपेक्ष असावी असे सांगणारे बहुधा पोट भरलेले असतात, आणि ज्याने आयुष्यभर फुकट घेतल्याचा सल सोसला त्याला फुकट द्यायला लावणे म्हणजे त्याचा ऋणाईतपणा कायम ठेवणे होय. माझ्या भावाला कल्याणच्या गटाने बसभाड्याचे पैसे पहिल्यांदा पाकिटात घालून दिले, तेव्हा त्याने ते पाकीट तीन दिवस उघडले नाही. देवापुढे ठेवले होते.

जो स्वतः पुरता बरा झाला नाही तो दुसऱ्याला काय सावरणार, असा आक्षेप मी सुशिक्षितांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. त्यांना मी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयाच्या जाँ-बाप्तिस्त प्यूसँ याचे उदाहरण देतो. गंडमाळेच्या उपचारासाठी तेथे दाखल झालेला हा माणूस पुढे तेथेच मनोरुग्णांच्या विभागाचा अधीक्षक झाला, आणि १७९३ मध्ये डॉ. फिलिप पीनेल त्या रुग्णालयात आले तेव्हा त्यांना असे दिसले की प्यूसँ आपले सेवक शक्य तो बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच निवडतो, कारण ते मारझोड करीत नाहीत. १७९७ मध्ये बिसेत्रच्या रुग्णांच्या साखळ्या काढल्या त्या याच प्यूसँने. इतिहासाने त्याचे श्रेय पुष्कळ काळ पीनेल यांच्या पदरात टाकले, ही गोष्ट वेगळी. आणि पुरते बरे होण्याविषयी म्हणाल, तर माझा भाऊ आजही दोन गोळ्या घेतो, गर्दीत त्याला घाम फुटतो, आणि अमावास्येच्या आसपास तो अबोल होतो असे आमच्या घरात सर्वांचे मत आहे, जरी डॉक्टरांना ते मान्य नाही. सध्या तो दर शनिवारी दोघांना कल्याणला नेतो. त्यांतील एक पद्मानगरची विधवा आहे, आणि ती तेलुगूत बोलते तेव्हा त्याला अर्धेच कळते. उरलेले अर्धे, तो म्हणतो, कळायची गरज पडत नाही.

गेल्या महिन्यात बँकेने खातेदारांची माहिती नव्याने मागवली. मी सवयीने पेन उचलले, तेव्हा भाऊ म्हणाला, “दादा, इकडे दे,” आणि त्याने अर्ज माझ्या हातून काढून घेतला. ‘व्यवसाय’ या रकान्यात, मेहतागिरीच्या दिवसांतल्या त्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात, त्याने ‘सोबत’ एवढेच लिहिले. खिडकीपलीकडच्या तरुण लिपिकाने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, त्या शब्दापाशी थांबला, आणि अतिशय आदराने विचारले, “काका, हे कोणत्या खात्यात?” भाऊ क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने माझ्याकडे पाहिले.